तक्रारदार गैरहजर

आक्काला सूड घ्यायचा होता, आणि ही गोष्ट तिनं कुणापासून लपवली नाही. नवऱ्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, हाडांच्या डॉक्टरणीला तर तोंडावर सांगितली. लोक दुखणं बरं व्हावं म्हणून गुडघा बदलतात. आक्कानं बदलला तो एका माणसासमोर ताठ उभं राहता यावं म्हणून.

शहराच्या कडेला एक मोठी लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे पांढरे कोट तिथं धुवायला यायचे. आक्का तिथल्या इस्त्रीखान्यात सत्तावीस वर्षं होती. तिनं इस्त्री केलेल्या कोटाची कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहायची, म्हणून बायका तिला कडकआक्का म्हणायच्या. जीभही तशीच होती. चादरीवर चुरगळा राहिला तर ती करणारणीला सगळ्यांदेखत ऐकवायची, आणि डबा विसरलेल्या बाईला आपल्यातला अर्धा न विचारता द्यायची.

इस्त्रीखान्यात चौदा टेबलं आणि चौदा उंच स्टुलं होती. लहान कपडे बसून करायचे, मोठ्या चादरी उभं राहून. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. मग जुना मॅनेजर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक चाळिशीचा, पातळ ओठांचा माणूस आला. तो कुणाशीही बोलताना आधी मनगटाकडं बघायचा. त्याचं खरं नाव काहीही असो, दोन दिवसांत बायकांनी त्याचं नाव घड्याळ ठेवलं.

पहिल्याच महिन्यात घड्याळानं चौदाही स्टुलं उचलून कोठीत टाकली आणि कुलूप लावलं. भिंतीवर स्वतःच्या सहीचा कागद चिकटवला: 'कामाच्या वेळेत बसण्यास सक्त मनाई आहे.'

आक्का त्याच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "साहेब, रुमालाला इस्त्री करायला उभं कशाला राहायचं? रुमाल काय पळून जातो?"

"बसलेला माणूस सुस्तावतो," घड्याळ म्हणाला.

"तुम्ही बसलाय ना."

त्यानं मनगटाकडं पाहिलं. "आक्का, तीन मिनिटं झाली तुमच्या टेबलावरून."

त्या दिवसापासून आक्का त्याच्या डोळ्यांत सलू लागली.

साडेपाच वर्षं गेली. दिवसाचे आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं, त्यात पन्नाशी उलटलेली, त्यात वजन वाढलेलं. आधी उजवा गुडघा कुरकुरायला लागला. मग सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावलं नकोशी वाटू लागली. पुढं गुडघा संध्याकाळपर्यंत सुजून टम्म व्हायचा आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागला. नवरा सायकल दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य घालवलेला माणूस. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला पाय हलवायला लावला, कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "बेअरिंग गेलंय."

"मग बदला," आक्का म्हणाली.

"माझ्याकडं या साइजचं नाही."

लोकांनी सांगितलं ते सगळं तिनं करून पाहिलं. तेल चोळलं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं, पट्टा बांधला. बाजारामागच्या गल्लीत एक 'सांधेतज्ज्ञ' बसायचा, त्याच्याकडची पांढरी पूड घेतली. त्या पुडीनं आठ दिवसांत असा आराम पडला की आक्का जिना उतरून पुन्हा चढली, नुसती हौस म्हणून. पण महिन्याभरात तिचा चेहरा पुरीसारखा फुगला आणि साखर वाढली. सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरणीनं पुडी उघडून वास घेतला आणि केराच्या डब्यात टाकली. म्हणाली, "यात काय असतं ते मला ठाऊक आहे. याच्यावर स्टेरॉइडचं नाव नसतं, पण असतं तेच. दुखणं झाकतं आणि हाडं पोखरतं." तिनं तपासून गोळ्या दिल्या, मांडीचे व्यायाम दाखवले, आणि एका कागदावर लिहून दिलं की या बाईंना सतत उभं राहण्याचं काम देऊ नये.

तो कागद आक्कानं मोठ्या आशेनं घड्याळासमोर ठेवला. तिथंच घात झाला.

दुपारचे तीन वाजले होते. घड्याळ कागद हातात घेऊन इस्त्रीखान्यात आला आणि त्यानं सगळ्यांचं काम थांबवलं. म्हणाला, "आक्का, जरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवा. बघू तरी किती त्रास आहे."

काम थांबल्यावर इस्त्रीखाना किती शांत होतो ते आक्काला त्या दिवशी कळलं. ती चालली. डावा, उजवा, डावा, उजवा, प्रत्येक पावलाला एका अंगाला कलत. टोकाला पोचून वळली तर घड्याळ तिच्या मागून तसाच चालत येत होता. कंबर हलवत, ओठ आवळून, हुबेहूब. कुणीतरी फिसकन हसलं. ती घडीवाली होती, आक्काच्या शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी, जिच्याशी आक्कानं अकरा वर्षं डबा वाटून खाल्ला होता.

"डॉक्टरच लिहून देतायत की तुम्हाला उभं राहता येत नाही," घड्याळ म्हणाला. "इथं तर सगळं काम उभ्यानंच आहे. मग तुम्ही इथं काय करणार? उद्यापासून येऊ नका."

आक्का आपल्या टेबलाशी गेली. तिनं आपला डबा घेतला. जाताना भिंतीवरचा तो सहीचा कागद नखानं हळूच सोडवला, टेबलावर ठेवला, वर पातळ फडकं घातलं आणि इस्त्री फिरवली. सुरकुती न राहिलेला तो कागद तिनं पिशवीत घातला. कुणी अडवलं नाही. घड्याळ तेव्हा फोनवर होता.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला त्या माणसाची जिरवायची आहे."

"जिरव," तो म्हणाला. "पण आधी बस."

कामगार कार्यालयात तक्रार नवऱ्याच्या हातून गेली. सुनावणीची तारीख आली तेव्हा कळलं की कार्यालय एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पायऱ्या चौपन्न. दगडी, उंच, मधोमध झिजलेल्या. आक्का कठडा धरून पहिल्या वळणापर्यंत गेली आणि तिथंच बसली. गुडघ्यात कुणी स्क्रू पिळतंय असं वाटत होतं. नवरा म्हणाला, "पाठीवर घेतो."

"नको. त्याच्यासमोर मी ओझं होऊन जाणार नाही."

नवरा वर जाऊन विचारून आला. कारकून म्हणाला होता, फाईल खाली येत नसते. अर्ध्या तासानं वरून बुटांचा आवाज आला. घड्याळ दोन-दोन पायऱ्या उतरत आला, तिला बघून थबकला, आणि त्यानं मनगट वर केलं.

"आक्का, उशीर झाला हं," तो म्हणाला आणि बाजूनं निघून गेला.

रोजनाम्यात नोंद झाली: तक्रारदार गैरहजर. दुसऱ्या तारखेलाही तेच. त्या वेळी ती वीस पायऱ्या चढली होती. तिसऱ्यांदा गैरहजर राहिली तर प्रकरण निकाली काढू, असं पत्र आलं. नवऱ्यानं दवाखान्याचे कागद जोडून अर्ज दिला आणि पाच महिने मुदत मिळवली.

दुसऱ्याच दिवशी आक्का डॉक्टरणीसमोर जाऊन बसली. "गुडघा बदलून द्या."

डॉक्टरीण तिशीची, शांत, बोलताना कागदावर चित्रं काढणारी. तिनं उभं करून दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले आणि दिव्यासमोर धरले. म्हणाली, "हे बघा. हाडांच्या मध्ये गादी असते. डाव्या गुडघ्यात ती झिजलीय, पण आहे. उजव्यात नाहीच. हाडावर हाड घासतंय."

"म्हणजे बदलायचाच ना?"

"आधी मला सांगा, मी दिलेले व्यायाम केले का?"

आक्का खिडकीकडं बघू लागली.

"नाही केले," डॉक्टरीण म्हणाली. "डाव्याला तेच औषध आहे. वजन उतरवा, मांडीचे स्नायू घट्ट करा, तो गुडघा अजून बरीच वर्षं चालेल, कदाचित कापावाही लागणार नाही. उजव्यात इंजेक्शन देता येतं. काही आठवडे, फार तर काही महिने बरं वाटेल, पुन्हा तेच. पट्टा आणि काठी मदत करतात, पण गादी उगवत नाही. तुमच्या उजव्या गुडघ्याला बदलणं हाच मार्ग दिसतोय. पण ते मोठं ऑपरेशन आहे. जंतू शिरू शकतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि शंभरात काही माणसं नंतरही समाधानी नसतात. तुम्हाला नेमकं काय करायचंय नव्या गुडघ्यानं?"

"चौपन्न पायऱ्या चढायच्यात."

"कुठल्या?"

आक्कानं सगळं सांगितलं. नक्कल सांगितली, हसणं सांगितलं, 'उशीर झाला हं' सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला सूड घ्यायचाय, डॉक्टर. खोटं कशाला बोलू?"

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "मी सूडासाठी ऑपरेशन करत नाही, गुडघ्यासाठी करते. पण एक सांगते. ऑपरेशन माझं दीड तासाचं. पुढचे तीन महिने तुमचे. त्या वेळी जो माणूस रडून थांबतो त्याचा गुडघा आखडतो. तुमचा राग तेवढा टिकेल?"

"माझा राग लोणच्यासारखा आहे," आक्का म्हणाली. "मुरतो."

सहा आठवड्यांत साखर ताब्यात आणा आणि वजन उतरवा, तरच टेबलावर घेईन, अशी अट पडली. आक्कानं साडेचार किलो उतरवले. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचं, खाली ठेवायचा. नवरा भिंतीला टेकून मोजायचा. तो चुकला तर ती त्याला पहिल्यापासून मोजायला लावायची. ऑपरेशन सरकारी विमा योजनेतून झालं. कंबरेखाली बधिर केलेलं, त्यामुळं आक्काला ठोकण्याचे आवाज ऐकू येत होते. ती नवऱ्याला नंतर म्हणाली, "अगदी तुमच्या दुकानात झोपल्यासारखं वाटलं."

दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. घाम फुटला, डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण ती दारापर्यंत जाऊन आली. मग आली व्यायामवाली. हसऱ्या चेहऱ्याची पोरगी, हात मात्र लोखंडी. ती रोज येऊन गुडघा दुमडायची. आज सत्तर अंश, उद्या पंच्याहत्तर. आक्का दात ओठ खाऊन ओरडायची, "घड्याळा, मेल्या! घड्याळा, तुझं वाटोळं होवो!"

चौथ्या दिवशी व्यायामवालीनं विचारलं, "आजी, तुम्ही घड्याळाला शिव्या का देता? मी वेळ जास्त लावते का?"

"तू दाब. तो कोण ते नंतर सांगते."

कळल्यावर ती पोरगीही सामील झाली. "चला, आज घड्याळाचे नव्वद अंश," म्हणायची. दोन आठवड्यांत नव्वद झाले, सहा आठवड्यांत एकशे दहा. नव्वदीच्या घरात एक आठवडा असा गेला की काहीच पुढं सरकेना, जखम ओढायची, झोप लागायची नाही. आक्का उशीत तोंड खुपसून रडली. तेव्हा मात्र घड्याळाचं नावही कामाला आलं नाही. नवऱ्यानं बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरली आणि तिथंच बसून राहिला.

दोन महिन्यांनी घडीवाली भेटायला आली. हातात फळांची पिशवी, मान खाली. आक्कानं तिला आत घेतलं, पण खुर्चीकडं बोट दाखवलं नाही. घडीवाली बसायला गेली तशी म्हणाली, "उभी राहा."

"अगं आक्का..."

"मी साडेपाच वर्षं उभी होते. तुला एक तास जड जातो?"

घडीवाली उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं वजन डाव्या पायावर घेतलं, मग उजव्यावर, मग दाराच्या चौकटीला हात लावला. आक्का ते सगळं बघत होती. तिला बरं वाटत होतं. तिनं चहा केला, स्वतः बसून प्यायला, घडीवालीला उभ्यानं दिला.

"मी का हसले ते मला अजून कळत नाही," घडीवाली म्हणाली. "भीतीनं हसले असेन. माझेही गुडघे गेलेत आक्का. मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर मलाही चालायला लावेल."

"दाखव."

घडीवालीनं गुडघा दाखवला. सुजलेला, बाजूनं फुगलेला. आक्कानं तो अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस. पण उद्या माझ्या डॉक्टरणीकडं जा. आणि इस्त्रीखान्यातल्या ज्या ज्या बाईचं दुखतंय तिला घेऊन जा. फोटो काढा. कागद घ्या. ते सगळे कागद मला पाहिजेत."

"आमची नोकरी गेली तर?"

"सगळ्यांना एकदम काढलं तर चादरी तो स्वतः इस्त्री करणार आहे का?"

नऊ बायका गेल्या. नऊ जणींचे फोटो आले, नऊ कागद आले. पाच जणींना व्यायाम आणि वजन उतरवणं पुरेल, तिघींना इंजेक्शनचा विचार करावा लागेल, आणि घडीवालीचा गुडघा आक्काच्या वाटेनं निघाला होता. आक्कानं प्रत्येक कागद त्या इस्त्री केलेल्या कागदावर ठेवला आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

सुनावणीच्या दिवशी ती तासभर आधी पोचली. व्यायामवालीनं शिकवलेलं तिनं मनात घोळवलं: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. गंमत अशी की आता चांगला पाय उजवा होता. ज्यानं तिला खाली बसवलं तोच आता तिला वर ओढत होता. डाव्यानं पंचविसाव्या पायरीला कुरकूर केली. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा चढली. नवरा दोन पायऱ्या मागं, हात तयार ठेवून. त्याला तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. चौपन्नावी पायरी आली तेव्हा आक्का घामानं न्हाली होती. कारकुनानं मान वर केली.

"तक्रारदार," आक्का म्हणाली. "हजर."

घड्याळ आला तो रमतगमत. दारात आक्काला उभी बघून त्याचा हात सवयीनं मनगटाकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

अधिकारीबाई चष्मेवाल्या, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी आक्काला खुर्ची दाखवली. ती म्हणाली, "बाई, मी उभीच बरी. मला सवय लावलीय साहेबांनी."

घड्याळानं सांगितलं, बसण्याला बंदी कधीच नव्हती. स्टुलं बायकांनीच अडचण होते म्हणून काढायला लावली. या बाईंना स्वतःच्या तब्येतीमुळं जावं लागलं. तो छान बोलत होता, मधूनमधून हसतही होता. आक्कानं त्याला पुरतं बोलू दिलं. माणूस खोटं बोलत असताना मध्ये तोडू नये, त्याला ते पुरं करू द्यावं, हे तिला सत्तावीस वर्षांत कळलं होतं. मग तिनं दोरी सोडली आणि सगळ्यांत खालचा कागद काढून टेबलावर ठेवला. 'सक्त मनाई.' खाली लफ्फेदार सही.

"ही सही तुमची?" अधिकारीबाईंनी विचारलं.

घड्याळानं कागद उचलून पुन्हा खाली ठेवला. "असेल... म्हणजे तेव्हाची परिस्थिती..."

"साहेब," आक्का म्हणाली, "जरा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट वाचून दाखवा. बघू तरी किती त्रास आहे."

अधिकारीबाईंनी तिला दटावलं. पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला होता, हे नवऱ्यानं पाहिलं. मग नऊ कागद एकामागून एक वाचले गेले. घडीवाली दाराशी उभी होती. तिला आत बोलावलं, तिनं कापऱ्या आवाजात नक्कल कशी झाली ते सांगितलं आणि आपण हसलो तेही सांगितलं. आक्कानं तिच्याकडं पाहिलं नाही.

निकाल महिन्यानं लागला. स्टुलं परत द्यायची, आक्काला बसून करायच्या कामावर परत घ्यायचं, आणि मॅनेजरनं जुनी मनाई रद्द केल्याचं स्वतः कामगारांसमोर वाचून दाखवायचं.

वाचनाच्या दिवशी आक्का इस्त्रीखान्याच्या मध्यभागी कोठीतून परत आलेल्या स्टुलावर बसली होती. घड्याळानं कागद काढला आणि भरभर वाचून संपवला.

"मागं ऐकू आलं नाही," आक्का म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

"इस्त्रीची वाफ फार आवाज करते. आणखी एकदा."

वाफ बंद होती. सगळ्यांना ते माहीत होतं. घड्याळानं लाँड्रीच्या मालकानं पाठवलेल्या माणसाकडं पाहिलं. तो छताकडं बघत होता. तिसऱ्यांदा वाचताना घड्याळाचा आवाज फाटला. आक्काला वाटलं होतं, बायका हसतील. कुणी हसलं नाही. काही जणी खाली बघत होत्या, एक डोळे पुसत होती. आक्का मात्र हसली. एकटीच, मोठ्यानं, पोट धरून.

घरी जाताना नवरा म्हणाला, "तिसऱ्यांदा नको होतं गं. पुरे झालं होतं."

"तुम्हाला पुरलं असेल," आक्का म्हणाली. "नक्कल तुमची नव्हती केली."

आक्कानं नंतर कधी 'चुकलं' म्हटलं नाही. घडीवालीशी ती पुन्हा बोलू लागली, तिच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात चार दिवस राहिली, वॉकर कसा धरायचा ते ओरडून ओरडून शिकवलं. पण डबा मात्र त्या दोघींनी परत कधी वाटून खाल्ला नाही.

डॉक्टरणीनं डाव्या गुडघ्यासाठी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. आक्कानं चौकशी करून घड्याळाचं घर शोधून काढलं. दुमजली, पुढं गॅलरी. रोज संध्याकाळी साडेसहाला ती त्या रस्त्यानं जायला लागली. ताठ, संथ, दोन्ही पाय सरळ टाकत. गॅलरीसमोर आली की चाल आणखी हळू. पहिल्या दिवशी घड्याळ चहा पीत बसला होता, तो कप घेऊन आत गेला. मग रोज आत जाऊ लागला. मग गॅलरीत पडदा आला. तिकडं बघून आक्का मान हलवायची आणि पुढं जायची.

पावणेदोन वर्षं हे चाललं. मग एके दिवशी पडदा नव्हता आणि फाटकावर 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी होती. शेजाऱ्यानं सांगितलं, साहेबांची मालकाच्या दुसऱ्या गावच्या लाँड्रीत बदली झाली, मागितली म्हणे त्यांनीच. आक्का पाटीसमोर थोडा वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, आता कुठल्या बाजूला फिरायला जाणार?

"त्याच," ती पायात चप्पल सरकवत म्हणाली. "सपाट रस्ता आहे. सावलीही चांगली आहे."